तोल कोणाचा जातो?

'तोल जाऊन पडला.'

हे तीन शब्द मी आयुष्यात किती वेळा नकलून काढले असतील याची गणती नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे जेथे चालत अशा एका न्यायालयात मी १९९० पासून चौतीस वर्षे कारकून होतो. पंचनामे, जबाब, डॉक्टरांचे दाखले, विमा कंपन्यांच्या कैफियती हे सारे माझ्या टेबलावरून पुढे जाई. ट्रॅक्टरच्या ट्रेलरवरून पडलेली ऊसतोड बाई, सिमेंटच्या पोत्यांवर बसून जाता जाता पडलेला हमाल, कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या फळीवरून निसटलेला सफाई कामगार, टेम्पोच्या फाळक्यावर टेकलेला बिगारी. माणसे वेगळी, रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या; पण वाक्य एकच. तोल जाऊन पडला. हात सुटून पडली. झोपेच्या अंमलात पडला.

या वाक्याचे व्याकरण पाहावे. त्यात कर्ता एकच आहे, तो म्हणजे पडणारा. गाडी हाकणारा त्यात नाही. गाडी कुवतीपेक्षा जास्त भरायला लावणारा नाही. माणसाला मालाच्या डोक्यावर बसवणारा तर नाहीच नाही. पडणाऱ्याचा तोल ही जणू त्याची खाजगी मालमत्ता होती आणि ती त्याने स्वतःच्या हलगर्जीपणाने गमावली, असा या वाक्याचा अर्थ होतो. दाव्याचा निम्मा निकाल येथेच लागलेला असतो.

मी वकील नाही. ज्यांना ही कागदपत्रे वाचता येत नाहीत आणि ज्यांच्यावरच ती लिहिली जातात, अशा माणसांत माझा जन्म झाला. म्हणून या विषयावर दोन गोष्टी मांडण्याचे धाडस करतो.

आमचे गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या वस्तीतली घरे दर दिवाळीला कारखान्याची वाट धरू लागली. १९७८ च्या जानेवारीत मी अकरा वर्षांचा होतो. टोळीत वीस कोयते होते. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक; ही गणती लक्षात ठेवावी, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे. त्या वीसांत आमच्या वस्तीतले दोन. आम्ही बौद्ध झालो होतो. पण टोळीत आमचे जुने नाव आमच्या आधी पोहोचलेले असे.

फड कोपीपासून सात-आठ किलोमीटरवर होता. ट्रक रात्री येई. दिवसभर तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे आणि ट्रक भरायचा. भरून होईपर्यंत मध्यरात्र होई. मग कोपीवर परतायला दुसरे वाहन नसे. भरलेल्या ट्रकच्या उसावरच सारी टोळी चढायची. आता या उसावर कोण कोठे बसे ते सांगतो. केबिनमध्ये मुकादम आणि त्याचा मेहुणा. उसावर मधोमध, जेथे आवळलेला दोर हाताशी असतो, तेथे मुकादमाची भावकी. त्यांच्या कडेने इतर. आणि अगदी काठाला, जेथे मोळ्यांची टोके बाहेर लोंबतात आणि धरायला वाढ्यांखेरीज काही नसते, तेथे आम्ही दोन घरे. असे बसा म्हणून कोणी हुकूम केला नव्हता. जागा आपोआप पडत गेल्या होत्या, जशा गावात घरांच्या जागा पडतात.

त्या रात्री रस्त्यात पाटाची चारी आडवी आली. ट्रक उसळला. माझी माय काठावरून खाली गेली. ओरडल्याचे मला आठवत नाही. उसाच्या दोन मोळ्या पडल्याचा आवाज मात्र आठवतो. कोणी तरी केबिनवर हात बडवले तेव्हा ट्रक पन्नास-साठ पावले पुढे जाऊन थांबला. तिची मांडी मोडली होती. वय एकोणतीस.

सरकारी दवाखान्यात हाड बसले ते वाकडे बसले. ती जन्मभर लंगडत चालली. दवाखान्याला आणि गाडीभाड्याला लागलेले तीनशे चाळीस रुपये मुकादमाने आमच्या उचलीत जमा धरले. म्हणजे पडण्याची किंमतही आम्हीच पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडली. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. माय मरेपर्यंत म्हणत राहिली, "माझाच हात सुटला बाबा, दुसऱ्याला काय बोल लावावा?" पंचनामा न होताच पंचनाम्याचे वाक्य तिच्या तोंडी बसले होते.

तोल जातो म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजून घेऊ. चालत्या गाडीवर बसलेले शरीर गाडीच्याच वेगाने पुढे जात असते. ब्रेक लागतो तेव्हा गाडी थांबते. शरीर थांबत नाही, ते पुढेच जाऊ पाहते. वळणावर गाडी वळते. शरीर सरळ रेषेत, म्हणजे वळणाच्या बाहेर, जाऊ पाहते. चाक खड्ड्यात आपटते तेव्हा बैठक खालून निघून जाते. हे निसर्गाचे नियम आहेत आणि ते सर्वांना सारखे लागू आहेत. एस.टी.तला प्रवासीही त्याच रीतीने पुढे ढकलला जातो. परंतु त्याच्या पुढे आसनाची पाठ असते, डोक्याशी दांडी असते, बाजूला पत्रा असतो. त्याला गाडी सांभाळते. उसावर बसलेल्या माणसाला मात्र स्वतःच्या बोटांनीच स्वतःला सांभाळायचे असते, आणि ती बोटे दहा-बारा तास कोयता धरून आखडलेली असतात. उसाला पाचटाचा गुळगुळीतपणा असतो, पहाटेचे दव असते. कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या फळीला ओल्या कचऱ्याचे पाणी असते. तेव्हा एखाद्याचा हात का सुटला असे विचारण्यापेक्षा बाकीच्यांचा कसा सुटला नाही, असे विचारावे.

उंचीचा हिशोबही सोपा आहे. भरलेल्या उसाचा माथा जमिनीपासून दहा फूट, म्हणजे तीन मीटर तरी असतो. तेथून पडलेले शरीर पाऊण सेकंदात जमिनीवर येते आणि येते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे अठ्ठावीस किलोमीटर असतो. पाऊण सेकंदात माणसाला स्वतःला सावरणे कठीणच. शिवाय गाडीचा स्वतःचा वेग असतो तो वेगळाच. ताशी वीस किलोमीटरने चाललेला ट्रॅक्टर म्हणजे सावकाश चाललेला ट्रॅक्टर, असे आपण समजतो. तो एका सेकंदात साडेपाच मीटर जातो. आजकाल एका ट्रॅक्टरला दोन ट्रेलर जोडलेले असतात. पुढच्या ट्रेलरवरून पडलेल्या माणसाच्या मागे दुसऱ्याची चाके असतात, आणि चालकाला मागे कोणी पडल्याचे कळायलाच दोन-तीन सेकंद जातात. ट्रॅक्टरच्या आवाजात आणि वर लावलेल्या गाण्याच्या आवाजात हाक पोहोचत नाही. म्हणून पुढच्या ट्रेलरवरून पडणे आणि मागच्यावरून पडणे यांत मरण आणि मोडके हाड एवढे अंतर पडू शकते.

चालत्या गाडीवरून उतरणाऱ्याचे आणखी निराळे. पाय जमिनीला टेकतात आणि थांबतात, वरचे धड गाडीच्या वेगाने पुढे जाते, आणि डोके आपटते. कचरा उचलणारा कामगार एका पाळीत असे कितीदा चढतो-उतरतो! दर थांब्याला गाडी पूर्ण थांबवावी तर फेरी वेळेत होत नाही, आणि फेरी वेळेत झाली नाही तर दंड. वेळापत्रक आखणाऱ्याने कामगाराला चालत्या गाडीवरून उडी मारण्याचा हुकूम कधीच दिलेला नसतो. उडी मारल्यावाचून पुरे होणार नाही असे वेळापत्रक तेवढे दिलेले असते.

म्हणून माझे म्हणणे असे की, चालत्या वाहनावरून माणूस पडतो तो त्या क्षणी नव्हे. त्याला कोठे बसवायचे हे जेव्हा ठरते तेव्हाच त्याचे पडणे निम्मे ठरलेले असते. आणि कोणी कोठे बसायचे हा आपल्या देशात कधीच नुसता वाहतुकीचा प्रश्न नव्हता.

याचा सर्वांत मोठा दाखला बाबासाहेबांच्या स्वतःच्या शरीरावर उमटलेला आहे. १९२९ ची गोष्ट. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. त्या कामासाठी खानदेशात गेले असता परतीच्या वाटेवर ते चाळीसगावला उतरले. स्टेशनातून महारवाड्यात जायला टांगा हवा होता. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकणे कमीपणाचे म्हणून एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतलाच एक माणूस लगाम घेऊन बसला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरशीला कठडा नव्हता, कडेने दगड तेवढे होते. चाक दगडाला अडखळले, टांगा उसळला आणि बाबासाहेब फरशीच्या दगडांवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत गेले. बाबासाहेबांचा पाय मोडला. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

हा अपघात माझ्या न्यायालयात आला असता तर पंचनाम्यात काय लिहिले गेले असते? 'नवख्या चालकाच्या चुकीने टांगा उसळून इसम पडला.' प्रत्येक शब्द खरा, आणि सारे मिळून खोटे. नवखा चालक लगामाशी का होता, हे त्यात कोठेही आले नसते. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी कामावर होते. तरीही त्यांच्या सुरक्षिततेपेक्षा टांगेवाल्यांची प्रतिष्ठा जड ठरली. चाळीसगावची ती फरशी आणि आमच्या ट्रकचा काठ यांत मला फार अंतर दिसत नाही. बाबासाहेबांना जाणता चालक मिळाला नाही, माझ्या मायला दोराजवळची जागा मिळाली नाही. दोन्ही ठिकाणी जे मिळाले नाही ते जातीने नाकारले होते.

आता कायद्याकडे वळू. पडलेल्या मजुराला मालकाने काही द्यावे, ही कल्पना जुनी नाही. गंमत अशी की, न देण्याचा प्रसिद्ध नियमसुद्धा एका गाडीवरून पडलेल्या मजुरापासूनच सुरू झाला. इंग्लंडमध्ये एका खाटकाकडे नोकर असलेला पोरगा मालाच्या गाडीतून चालला होता. गाडी प्रमाणाबाहेर भरलेली होती. ती मोडली, पोरगा खाली पडला आणि त्याची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले. परंतु १८३७ साली वरच्या न्यायालयाने ते फिरवले. नोकराला धोका दिसत होता तर त्याने गाडीत बसायला नकार द्यायचा होता, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. त्यातूनच पुढे दोन शस्त्रे मालकांच्या हाती आली: सोबतच्या नोकराच्या चुकीला मालक जबाबदार नाही, आणि ज्याने काम पत्करले त्याने धोकाही पत्करला.

भाकरीसाठी गाडीवर चढणाऱ्याला नकाराचे स्वातंत्र्य असते, असे मानणारे हे तत्त्वज्ञान आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे त्यालाच कर्मफळ म्हणत आले.

भारतात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. सोबतच्या नोकराच्या चुकीची मालकाची ढाल पुढे १९३८ च्या कायद्याने काढून घेतली. १९२३ च्या कायद्याचे मोठेपण एका गोष्टीत आहे, ती प्रत्येक वस्तीत पोहोचली पाहिजे. या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली, एवढे दाखवले की पुरे. मजूर दारू प्यायला होता, त्याने मुद्दाम नियम मोडला, असे बचाव मालकाला आहेत. पण मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तेही चालत नाहीत. म्हणजे 'तोल जाऊन पडला' हे वाक्य खरे धरले तरी भरपाई बुडत नाही. न्यायालयाबाहेर मात्र तेच वाक्य दाखवून माणसांना घरी परत पाठवले जाते.

कामाचा ओघ कोठे संपतो, हा पुढचा प्रश्न. कोयता खाली ठेवला की काम संपले, मग उसावर बसून कोपीकडे जाणे हा खाजगी प्रवास, असे मालक म्हणतो. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच देऊन ठेवले आहे. मुंबईच्या बेस्टचा एक ड्रायव्हर १९५७ मध्ये पाळी संपवून डेपोतून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी चालला होता. बस उभ्या लॉरीवर आदळली, तो रस्त्यावर फेकला गेला आणि काही दिवसांनी मरण पावला. न्यायालय म्हणाले की, एवढ्या पसरलेल्या शहरात चालकांना बसने येऊ-जाऊ देणे ही सेवेचीच गरज आहे. म्हणून हा प्रवास कामाचाच भाग होय. त्याच्या विधवेला न्याय मिळाला. फडावरून कोपीपर्यंत दुसरे वाहनच नसेल तर ऊसतोडीला हे तत्त्व अधिकच लागू पडते.

२९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत अपघातात गेला. खाली भरपाई मंजूर झाली, उच्च न्यायालयात ती रद्द झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी दुवा असेल तर घरून कामावर जाण्यायेण्याचा प्रवासही कामाच्या ओघात येतो, असे ठरले. तत्त्व चांगले आहे. परंतु ते ठरेपर्यंत त्या घराची बावीस वर्षे गेली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

मग कायदा असूनही आमची माणसे रित्या हातांनी का परततात? माझ्या टेबलावरून मला तीन कारणे दिसली.

पहिले, मालक सापडत नाही. कारखाना म्हणतो, माझा करार वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, माझा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मीही तुमच्यासारखाच कोयता घेऊन चढलेला माणूस. काम करून घेताना तिघेही हजर असतात. माणूस पडला की तिघेही अदृश्य होतात. कंत्राट ही मालकाला लपवणारी भिंत आहे. कायद्याने या भिंतीला एक दार ठेवले आहे: ठेकेदारामार्फत करून घेतलेले काम मुख्य मालकाच्याच धंद्याचे असेल तर भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने अशीच भिंत वर्षानुवर्षे ठोकली, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सत्तावीसशे कंत्राटी सफाई कामगार महापालिकेचे कायम कामगार ठरले. तो प्रश्न नोकरीचा होता, अपघाताचा नव्हे. पण खरा मालक कोण, हा मुद्दा दोन्हीकडे एकच आहे.

दुसरे कारण विम्याचे. मालवाहू वाहनाच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. वाहनमालकाचा स्वतःचा नोकर वाहनात असेल तर तोही भरपाईच्या कायद्यापुरता येतो. बाकी कोणी बसला तर तो फुकट प्रवासी. अशा प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले आहे. ट्रॅक्टरवर तर चालकाखेरीज कोणाला बसायला जागाच नसते. तेव्हा कंपनीच्या कैफियतीत ठरलेले वाक्य येते: सदर मयत फुकट प्रवासी होती. जिने सारा दिवस ऊस तोडला, डोक्यावरून वाहून ती गाडी भरली, ती त्या गाडीत फुकट प्रवासी! पुन्हा, गाडीच्या टपावर किंवा पायरीवर बसून प्रवास करण्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालक आणि बसणारा अशा दोघांनाही मनाई केली आहे. मनाई योग्यच आहे. पण बसणाऱ्याला दुसरे वाहन देण्याची सक्ती त्या कलमात नाही. म्हणून दावा लिहिताना ती व्यक्ती गाडीवर कोणाच्या कामासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून होती, हे पहिल्या ओळीत आले पाहिजे.

तिसरे कारण माझ्या मायशी येऊन पोहोचते. भरपाईचा हिशोब असा असतो: मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा आकडा घ्यावयाचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. जानेवारी २०२० पासून जुन्या कायद्याखाली महिन्याची मजुरी जास्तीत जास्त पंधरा हजार धरली जाई. म्हणजे साडेसात हजार गुणिले २०७.९८, पंधरा लाख एकोणसाठ हजार आठशे पन्नास रुपये. पण कोयता म्हणजे दोघे मिळून एक. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे, उचल नवऱ्याची, अंगठा नवऱ्याचा. बाईची मजुरी कोठेच लिहिलेली नसते. शून्याला कोणत्याही गुणकाने गुणले तरी शून्यच. मग कायद्याची किमान रक्कम तेवढी हाती लागते. ती २०१० पासून मृत्यूसाठी एक लाख वीस हजार होती. एकाच ट्रेलरवरून नवरा-बायको पडले तर दोन मरणांच्या किमतीत असा फरक पडू शकतो. म्हणून मजुरीचा कागद नसेल तेथे किमान वेतनाचा दर आणि त्याच भागात तेच काम करणाऱ्यांची मजुरी पुराव्यात आणावी, आणि बाईची मजुरी वेगळी मागावी. साखर कारखाना हंगामी ठरत असल्याने राज्य कामगार विम्याचेही छत्र येथे नाही. तेव्हा हाच एक दरवाजा उरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा जाऊन त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. आयुक्ताच्या ठिकाणी सक्षम प्राधिकारी असा शब्द आला, आणि कामावर जाण्यायेण्याच्या वाटेवरील अपघाताचा स्पष्ट उल्लेख आला. त्या तारखेपूर्वीचे अपघात जुन्या कायद्याने पाहिले जातील. कामाच्या ओघातील इजा, मृत्यूची रक्कम अधिकाऱ्याकडे भरणे आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत, हा मूळ सांगाडा तोच आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या वस्तीतला एक तरुण रात्री माझ्या दारात आला. हातात पाचशेचा स्टँप पेपर. त्याची बायको ट्रेलरवरून पडून गेली होती. साठ हजार रोख घेऊन तक्रार नाही असे लिहून द्यावे, म्हणून मुकादमाने कागद दिला होता. सकाळी सही हवी होती. मी विचारले, "पडली कशी?"

तो म्हणाला, "तात्या, तोल गेला तिचा. लेकरू होतं काखंत."

मी त्याला सांगितले ते येथेही सांगतो. मृत्यूची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात देणे कायद्याला मान्य नाही. ती अधिकाऱ्याकडे जमा झाली पाहिजे. हातावर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत; तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची उसनवार तेवढी कायदा ओळखतो. म्हणून अशा कागदावर सही केली तरी हक्क मरत नाही, पण सही करूच नये. भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही तर बारा टक्के व्याज चढते, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो.

मग आम्ही दोघे जबाब लिहायला बसलो. रात्रीचे दोन वाजले. मी त्याला 'तोल' हा शब्द वापरू दिला नाही. तो चिडला. म्हणाला, "मग काय लिहू? खोटं लिहू काय?" मी म्हणालो, खोटे काही लिहायचे नाही, अर्धवट लिहायचे नाही एवढेच. गाडी कोणाची, उस कोणत्या कारखान्याला चालला होता, ट्रेलर किती, मागे दिवे होते की नव्हते, फडावरून परतायला दुसरे वाहन दिले होते काय, गाडीवर बसा म्हणून कोण म्हणाले, ती पुढच्या ट्रेलरवर होती की मागच्या, कडेला का बसली, धरायला काय होते, ती किती तासांपासून काम करीत होती. एकेका प्रश्नाला तो थांबे, आठवी, आणि मग बोले. कडेला का बसली या प्रश्नाला तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मधी त्यांची माणसं व्हती."

मी ते तसेच लिहिले.

आपल्या लेखकांनी आत्मकथने लिहिली, कविता लिहिल्या. त्यांनी आपल्याला वाचा दिली. परंतु पंचनामा, जबाब, दाव्याचा अर्ज हेही लेखनच आहे, आणि ते आजवर आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले. वस्तीत एक मुलगा किंवा मुलगी जरी अशी निघाली की जिला हा कागद लिहिता येतो, तरी टोळी निघण्यापूर्वी तिच्याकडून प्रत्येक बाईचे नाव आणि मजुरी करारावर लिहून घ्यावी. पडल्यावर लिहिण्यापेक्षा निघण्यापूर्वी लिहिलेले अधिक टिकते.

त्या तरुणाचा दावा चालू आहे. निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. त्या रात्री तो गेल्यावर मी आणखी एक कोरा कागद घेतला. त्यावर १९७८ ची तारीख घातली आणि लिहिले:

'ट्रक रात्रीचा, उसाने भरलेला. फडावरून कोपीपर्यंत मजुरांसाठी दुसरे वाहन नव्हते. मधली दोराजवळची जागा मुकादमाच्या माणसांकडे होती. सदर बाईला काठावर बसावे लागले. तेथे धरण्यासारखे काही नव्हते. चारीत चाक आपटून ट्रक उसळला व ती खाली फेकली गेली. तिचा हात सुटला नाही. हाताला काही दिलेलेच नव्हते.'

हा कागद कोणत्याही न्यायालयात जाणार नाही. त्याची मुदत कधीच संपली. पण मायने आयुष्यभर स्वतःला लावलेला बोल त्यात नाही, म्हणून तो मी ठेवून दिला आहे.